थंडीत चेहरा कोरडाही पडतो आणि पुळ्याही येतात : दरवर्षीच्या या त्रासाचं मूळ कसं शोधायचं

तुळशीचं लग्न झालं की माझा चेहरा बिघडायला लागायचा. आधी तोंड धुतल्यावर गाल ओढल्यासारखे व्हायचे, मग नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे सुटायचे आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत हनुवटीवर दुखऱ्या पुळ्या. कोरडं पडलं म्हणून तेल लावलं की पुळ्या वाढायच्या. पुळ्यांचं औषध लावलं की पापुद्रे वाढायचे. सलग सहा हिवाळे मी या फेऱ्यात काढले. गेले तीन हिवाळे चेहरा शांत आहे, आणि त्यासाठी मी काही महागडं आणलेलं नाही. उलट जे चाललं होतं त्यातलं बरंचसं बंद केलं. ज्यांना दर थंडीत हेच होतं त्यांनी आपला दोष नेमका कुठे आहे हे कसं पकडायचं, ते सविस्तर लिहिते.

मी नाशिकची. इथली थंडी कोरडी. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, याची बातमी आमच्याकडे रोज सकाळी आधी वाचली जाते, कारण द्राक्षबागायतदारांच्या जिवाला घोर असतो. गारठा वाढला की मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांना हा कोरडेपणा एवढा जाणवत नाही, कारण समुद्रामुळे हवेत ओल टिकते. पुणे, नगर, संभाजीनगर, नागपूर, आणि दिल्लीकडे नोकरीला गेलेली आपली मुलं, यांना मात्र मी काय म्हणते ते लगेच कळेल.

आपण एक गोष्ट धरून चालतो की कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी आणि पुळ्या म्हणजे तेल जास्त. मग दोन्ही एकदम कसं होतं? होतं, कारण त्वचेतलं पाणी वेगळं आणि तेल वेगळं. सगळ्यात वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा असतो. त्या विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं यांचा गिलावा भरलेला असतो. हा गिलावा धड असेल तर आतलं पाणी आत राहतं. थंडीत हवा ते ओढून घेते आणि आपण कढत पाण्याने, साबणाने गिलावाच धुऊन टाकतो. शिवाय वरच्या मेलेल्या पेशी वेळच्या वेळी सुट्या होऊन गळायला त्वचेत ओल लागते. ओल नसली की त्या चिकटून राहतात, रोमछिद्रांच्या तोंडाशी साचतात, आणि खालची तेलाची ग्रंथी तर आपलं काम करतच असते. वरून आपण घट्ट तेल चोळलं की पुळी ठरलेली. म्हणजे त्रास एकच आहे, तो दोन रूपांत दिसतो.

आधी सगळं बाहेर काढा

सहाव्या हिवाळ्यात मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "चेहऱ्याला लावता ते सगळं पिशवीत घालून आणा." पिशवीतून नऊ वस्तू निघाल्या. फेसवॉश, स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सी, पुळ्यांचं जेल, कोरफडीचं जेल, दोन क्रीम आणि बदामतेलाची बाटली. डॉक्टरांनी टेबलावर त्यांच्या दोन रांगा केल्या. एका रांगेत काढून घेणाऱ्या, दुसरीत भर घालणाऱ्या. पहिल्या रांगेत पाच होत्या. डॉक्टर काहीच बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. मला तिथेच कळलं.

पंधरा दिवस तीनच गोष्टी ठेवायच्या, असं ठरलं. सौम्य धुणं, एक क्रीम, दिवसा सनस्क्रीन. स्क्रब, टोनर, आम्ल असलेली सीरम, रेटिनॉल, घरचे लेप, सगळं कपाटात. हे पंधरा दिवस फार महत्त्वाचे आहेत, कारण दहा गोष्टी चालू असताना दोष कशाचा ते कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू असेल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. साधं क्रीम लावल्यावरही चुरचुरत असेल, भगभगत असेल, तर गिलावा निघालेला आहे हे नक्की समजा आणि बाकी काहीही परत सुरू करायची घाई करू नका.

तोंड धुतल्यावर ओढ बसते? मग दोष न्हाणीघरात आहे

घरी करून बघण्यासारखी एक साधी चाचणी आहे. रात्री नेहमीच्या साबणाने किंवा फेसवॉशने तोंड धुवा, टिपा, आणि पंधरा मिनिटं काहीही लावू नका. हसल्यावर गाल ताणल्यासारखे वाटले, ओठांच्या कडेला पांढुरकं दिसलं, तर तुमचं धुणं जड पडतंय. दुसऱ्या दिवशी नुसत्या कोमट पाण्याने धुऊन तसंच थांबा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५. अंगाचा नेहमीचा साबण ९ ते १० च्या घरात असतो. साबणाच्या वेष्टनावर टीएफएमचा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध द्रव्याचा, आकडा बघायची आता बऱ्याच जणांना सवय लागली आहे. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिल्या प्रतीचा, ७० असेल तर दुसऱ्या, ६० असेल तर तिसऱ्या प्रतीचा. हा आकडा जास्त असलेला साबण चांगला, कमी झिजतो, त्यात भर कमी असते, हे खरं. पण तो शेवटी साबणच आहे, त्याचा पीएच त्यामुळे खाली येत नाही. म्हणून चेहऱ्यासाठी साबण नसलेलं, कमी फेसाचं क्लेन्झर घ्या. मेडिकलमध्ये 'सोप-फ्री' म्हणून मागितलं की मिळतं. तेही रात्री एकदाच. सकाळी नुसतं पाणी पुरतं.

अंगालाही रोज नखशिखान्त साबण लागत नाही. काखा, जांघा, पावलं, एवढ्यांना साबण लावा. पोटऱ्या आणि हात, जिथे नखाने पांढरी रेघ उठते, तिथे थंडीत नुसतं पाणी जाऊ द्या. माझ्या सासूबाईंच्या पोटऱ्यांची खाज एवढ्या एका बदलाने निम्म्याने कमी झाली.

आता पाणी. बंबाचं असो की गीझरचं, थंडीत कढत पाणी अंगावर घेण्यासारखं सुख नाही, हे मला मान्य आहे. पण तूपकट भांडं कोणत्या पाण्याने लवकर निघतं हे आपल्याला माहीत आहे, आणि त्वचेवरच्या स्निग्धाचंही तेच होतं. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला घेऊन बघा. तिथे ते गरम लागत असेल तर तोंडासाठी ते जास्तच गरम आहे. आंघोळ दहा मिनिटांच्या आत उरका. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते जड असतं, त्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळून न निघणारा चिकट थर त्वचेवर बसतो. बादलीच्या कडेला जी पांढरी रेघ दिसते तीच. अशा घरांत साबण कमी करण्याचा फायदा दुप्पट दिसतो.

क्रीम लावूनही तासाभरात पुन्हा कोरडं

इथे बहुतेकांचं क्रीम चांगलंच असतं, चुकते ती वेळ. टॉवेलने खसाखसा पुसून, कपडे घालून, चहा पिऊन मग क्रीम लावलं तर तोवर वरचं पाणी उडून गेलेलं असतं. तोंड किंवा अंग टिपून घ्या, त्वचा किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. मी बाटली न्हाणीघरातल्या कोनाड्यातच ठेवते, बाहेर आले की विसरायला होतं.

ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि लिंबू हे मिश्रण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ग्लिसरीन उत्तमच आहे, ते पाणी धरून ठेवतं. पण हवा कोरडीठाक असेल तर त्याला पाणी हवेतून मिळत नाही, ते त्वचेच्या आतल्या थरांतून ओढतं. म्हणून त्याच्यावर काहीतरी झाकण लागतं. ओल्या अंगावर ग्लिसरीन आणि वरून क्रीम, असं केलं तर ते आजही कामाचं आहे. लिंबू मात्र काढून टाका. तडकलेल्या त्वचेवर ते झोंबतं, आणि ते लावून उन्हात गेलात तर डाग पडतात. कोरफडीच्या जेलचंही ग्लिसरीनसारखंच, एकटं लावलं तर वाळल्यावर ओढ बसते.

उन्हाळ्यातलं पातळ लोशन थंडीत बऱ्याच जणांना पुरत नाही. क्रीम घ्या, सुवास नसलेलं, घटकांत ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेलं. मापही सांगते. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर एक पट्टी काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. चेहऱ्याला आणि मानेला मिळून असं अडीच पेरं लागतं. मी आधी वाटाण्याएवढं लावायचे आणि क्रीम लागू पडत नाही म्हणायचे.

फारच उललं असेल, नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे, डोळ्यांखाली, तर क्रीमवर पेट्रोलियम जेलीचं बारीक बोट फिरवा. १८७२ सालापासून व्हॅसलीन या नावाने विकली जाणारी ही वस्तू, तिने पुळ्या येतात असा तिच्यावर आरोप होतो. शुद्ध जेली छिद्रांत शिरत नाही, वर बसून राहते. फक्त न धुतलेल्या तोंडावर लावू नका.

खोबरेल तेलाबद्दल

हे लिहिताना मला थोडं जपून लिहावंसं वाटतं, कारण खोबरेल म्हणजे आपल्या आयांचा हात. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणून थंडीत बाटली उन्हात नाहीतर बंबाशेजारी ठेवलेली असते, आणि आई ते तळव्यावर चोळून तोंडाला लावते. अंगाला, हातापायांना, आंघोळीनंतर ओल्या अंगावर खोबरेल किंवा तिळाचं तेल जरूर लावा. ज्यांना कधी पुळ्या येत नाहीत त्यांनी तोंडालाही लावावं. पण ज्यांच्या चेहऱ्याला पुळ्यांची खोड आहे त्यांच्या रोमछिद्रांत खोबरेल अडकतं. कपाळावर, केसांच्या कडेला बारीक दाणेदार पुरळ असेल तर डोक्याचं तेल बघा. रात्रभर तेल लावून झोपलात की ते उशीच्या अभ्र्यावर आणि तिथून गालावर येतं. धुण्याच्या दोन तास आधी तेल लावा, धुवा, अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. माझ्या भाचीचं कपाळ तीन आठवड्यांत साफ झालं, बाकी काहीही न करता.

मोहरीचं तेल मात्र तोंडाला नकोच, त्याने त्वचा चुरचुरते. आणि दिवाळीचं उटणं दिवाळीतच ठेवा. अभ्यंगाचं तेल अंगावर असताना एकदा उटणं लावणं वेगळं, आणि कोरड्या गालावर रोज सकाळी खरखरीत पूड घासणं वेगळं. बेसन किंवा मुलतानी माती वाळून तडकेपर्यंत ठेवली तर ती असलेलं तेलही शोषून घेते.

पापुद्रे कुठे आहेत ते नीट बघा

खिडकीजवळ आरसा घेऊन बसा. गालांवर, पोटऱ्यांवर बारीक पांढरी साल सुटत असेल तर तो कोरडेपणा. पण नाकाच्या खोबणीत, भुवयांमध्ये, कानामागे, केसांच्या कडेला लालसर जागेवर पिवळट, तेलकट पापुद्रे असतील आणि डोक्यात कोंडाही असेल, तर ते बहुधा कोरडेपण नसतं. मॅलासेझिया नावाची यीस्ट, म्हणजे सूक्ष्म बुरशी, प्रत्येकाच्या त्वचेवर असते. ती तेलावर जगते, आणि हा त्रास थंडीत वाढतो. आपण त्याला कोरडं समजून तेल लावतो, म्हणजे तिला खाऊच घालतो. माझ्या नाकाजवळचे पापुद्रे हेच निघाले. डॉक्टरांनी केटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायला सांगितला. ज्याला मी सहा वर्षं तेल चोळत होते ते तीन आठवड्यांत गेलं.

पुळ्यांचं औषध चालू ठेवायचं की नाही

ठेवायचं, पण गिलावा सावरल्यावर आणि हळू. बेन्झॉइल पेरॉक्साइड असेल तर २.५ टक्क्यांचं घ्या. ५ आणि १० टक्क्यांच्या जवळपास तेवढंच काम ते करतं आणि जाळतं कमी. टॉवेल पांढरा वापरा, रंगीत टॉवेलवर त्याचे डाग उडतात. ॲडापेलीन असेल तर थंडीत एक रात्र सोडून एक रात्र, आधी क्रीम, दहा मिनिटांनी वाटाण्याएवढं औषध, हवं तर वरून पुन्हा क्रीम. पुळीवर ठिपका देण्यापेक्षा पुळ्या येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर द्यायचा असतो. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ॲडापेलीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, लसूण यांनी पुळी बसत नाही, त्या जागी भाजल्याचा डाग मात्र महिनोन्‌महिने राहतो.

एक कळकळीने सांगते. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब चेहऱ्याला लावू नका. तिच्यावर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांतलं काही लिहिलंय का ते बघा. ही स्टेरॉइड आहेत. चार दिवसांत चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो, म्हणूनच माणूस फसतो. काही महिन्यांत कातडी पातळ होते, लालबुंद पडते, पुळ्या उसळतात, आणि बंद केलं की आणखी भडकतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीने दोन वर्षं तशी ट्यूब रोज लावली आणि आज तिला दुपारच्या उन्हात दहा मिनिटं उभं राहवत नाही. अशी ट्यूब चालू असेल तर एकदम बंद करू नका, ती घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

उरलेलं

सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर बसणं हे थंडीतलं सुख, ते सोडू नका. पण सकाळी नऊ-दहानंतर बाहेर असाल तर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर भरून चेहऱ्याला आणि मानेला लावा, कारण पुळ्यांचे डाग उन्हाने गडद होतात, ऊन अंगाला मऊ लागलं तरी. स्कूटरवर तोंडाला बांधायचा स्कार्फ लोकरी नको, सुती बांधा आणि रोज बदला. हनुवटीच्या पुळ्यांत त्याचाही वाटा असतो.

ओठ चाटायची सवय असेल तर कोणतंही मलम पुरणार नाही. ओठांसाठी आणि टाचांसाठी मला सगळ्यात आवडणारी वस्तू कोकणातून येते, कोकमाच्या बियांचं तेल. कुणी त्याला भिरंडेल म्हणतं, कुणी मुठेल, कारण मुठीत दाबून त्याचा गोळा करतात. पांढरट, मेणासारखा टणक गोळा. माझी मालवणची वहिनी रात्री तो पळीत घेऊन गॅसवर धरते, विरघळला की कापसाने कोमट तेल भेगांत भरते आणि वर जुने मोजे. भेग वरून कडक झाली असेल तर आधी चार-पाच रात्री १० टक्के युरिया असलेलं क्रीम लावा, मग तेल आत पोचतं. मधुमेह असेल तर भेगा स्वतः कापू नका, घासू नका, डॉक्टरांना पाय दाखवा.

आणि खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला बारीक पुरळ असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर ती थंडीची खाज नव्हे. बहुधा ती खरूज असते. तिला क्रीमने उतार पडत नाही, डॉक्टरांकडून औषध आणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावं लागतं. अंग सतत कोरडं, थकवा, केस गळणं, वजन वाढणं हे सगळं एकत्र असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

माझा सध्याचा नेम एवढाच आहे. सकाळी कोमट पाणी, ओलसर तोंडावर क्रीम, पाच मिनिटांनी सनस्क्रीन. रात्री सोप-फ्री क्लेन्झर, क्रीम, एक रात्र आड पुळ्यांचं औषध. नवीन काही आणलं तर आधी आठवडाभर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघते. महाशिवरात्र झाली की हवा बदलते, कपाळ दुपारी चमकायला लागतं, तेव्हा घट्ट क्रीमची बरणी मागे जाते आणि पातळ लोशन पुढे येतं. बरणीच्या बुडाशी ती उघडल्याची तारीख मी पेनाने लिहून ठेवते, पुढच्या तुळशीच्या लग्नाला ती वापरायची की टाकायची ते त्यावरून ठरतं.